ओवीचा क्रमांक आणि बीडची पोथी

ग्रंथकार वाचकाला सहसा आज्ञा करीत नाही. त्याच्या मोजक्या आज्ञांमध्ये सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित आज्ञा म्हणजे 'पाहा'. 'प्रकरण तिसरे पाहा', 'वर ओवी ४२ पाहा', 'याचा विस्तार पुढे केला आहे तो पाहावा' अशी वाक्ये आपण वाचतो आणि बहुधा न पाहताच पुढे जातो. लेखकाने मात्र तेथे एक शब्द दिलेला असतो. सांगितलेल्या ठिकाणी सांगितलेली गोष्ट सापडेल, असा तो शब्द. वाचक शंभरांतून एकदाच तिकडे वळतो. पण त्या एका वेळी तेथे काहीच सापडले नाही, तर त्याचा उरलेल्या नव्याण्णव ठिकाणांवरचाही विश्वास उडतो.

ग्रंथातील एका स्थळाने त्याच ग्रंथातील किंवा दुसऱ्या ग्रंथातील स्थळाकडे बोट दाखवणे, याला येथे परस्परसंदर्भ म्हटले आहे. हस्तलिखितावर छपाईपूर्वीचे संस्कार करणाऱ्या संपादकाच्या कामांच्या यादीत या संदर्भांची तपासणी सर्वांत शेवटी येते, आणि वेळ अपुरा पडला की पहिली तीच गळते. हे काम हमालीचे आहे असा एक समज रूढ आहे. परंतु मराठी ग्रंथांचा इतिहास, आणि विशेषतः बीड जिल्ह्यातील ग्रंथांचा इतिहास, पाहिला तर असे दिसते की आपल्या वाङ्मयातील काही मोठे वाद मुळात या हमालीचेच वाद आहेत. संदर्भ कशाला जोडायचा, आणि जोडलेला संदर्भ प्रत बदलल्यावरही जिवंत कसा ठेवायचा, हा त्या वादांचा गाभा आहे.

हा प्रश्न छापखान्याबरोबर आला असे मानण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या शेवटच्या, म्हणजे पंधराव्या अधिकरणात शास्त्रग्रंथाच्या रचनेच्या बत्तीस युक्ती सांगितल्या आहेत. त्यांत 'अतिक्रान्तावेक्षण' आणि 'अनागतावेक्षण' अशा दोन युक्ती आहेत. पहिलीत मागे सांगितलेल्या गोष्टीकडे, तर दुसरीत पुढे सांगावयाच्या गोष्टीकडे निर्देश केलेला असतो. सुश्रुतसंहितेतील तंत्रयुक्तींतही या दोन्ही आहेत. म्हणजे 'मागे पाहा' आणि 'पुढे पाहा' यांना आपल्याकडे फार पूर्वीपासून शास्त्रीय नावे आहेत आणि ग्रंथरचनेच्या अंगांत त्यांची गणना झालेली आहे. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे निर्देश विषयाकडे केलेले असतात, पानाकडे नव्हे. हाताने लिहिलेल्या पोथीत दुसरे काही शक्यही नव्हते.

पोथी सुट्या पत्रांची असते. पत्राला एकदाच क्रमांक पडतो आणि तो बहुधा मागच्या बाजूच्या समासात असतो. परंतु हा पत्रांक त्या एका पोथीपुरता खरा. दुसऱ्या लेखनिकाचे अक्षर मोठे असेल, कागद आखूड असेल, समास रुंद असेल, तर तोच मजकूर वेगळ्या पत्रावर जाणार. म्हणून टीकाकार आधारग्रंथाचे पान सांगत नाही. तो 'प्रतीक' देतो, म्हणजे श्लोकाचे आरंभीचे एकदोन शब्द उद्धृत करतो. ज्याला मूळ पाठ आहे त्याला एवढी खूण पुरते, आणि पाठ नसलेला वाचक त्या काळी गृहीतच धरलेला नव्हता. संदर्भाचे दुसरे टोक त्या काळी कागदापेक्षा स्मरणात अधिक होते.

मोडी दफ्तरांची रीत याहून वेगळी असली तरी तत्त्व तेच दिसते. 'मजकूर' हा शब्द आज आपण लिखाण या अर्थाने वापरतो. त्याचा मूळ अर्थ 'उल्लेखिलेला'. 'गाव मजकूर' म्हणजे वर ज्याचे नाव आले ते गाव. 'सदरहू' आणि 'मशारनिल्हे' यांचे कामही तेच: एक मागील गोष्टीकडे, दुसरा मागे आलेल्या मान्यवर व्यक्तीकडे वाचकाला परत पाठवतो. एका पत्रात गाव एक आणि व्यक्ती दोन, तोवर ही व्यवस्था चोख चालते. पाच गावे आणि सात पाटील आले की 'मजकूर' कोणते आणि 'मशारनिल्हे' कोण, यावर वतनाचे भांडण उभे राहू शकते. संदिग्ध परस्परसंदर्भ ही केवळ शैलीची उणीव नसते, एवढे यावरून ध्यानी यावे.

संदर्भाची सर्वांत जाणीवपूर्वक रचलेली जुनी मराठी व्यवस्था महानुभाव पंथाची आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्रा'त एकत्र केल्या. त्या लीळांतील वचने केसोबासांनी वेगळी काढली आणि 'सूत्रपाठ' सिद्ध झाला. वचन प्रसंगातून सुटले की त्याचा अर्थ निसटू लागतो, हे पंथीयांना नेमके कळले होते. म्हणून कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे सांगणारे 'प्रकरणवश' तयार झाले. एक संपूर्ण ग्रंथ केवळ परस्परसंदर्भांसाठी रचला गेला. 'स्थानपोथी' त्याच्याही पुढे जाते. कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेला स्वामींचे वास्तव्य झाले याची ती नोंद आहे. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातील गोदाकाठचे पांचाळेश्वर हे महानुभावांचे आत्मतीर्थ. तेथे वंदनासाठी येणारा पंथीय पोथीतील निर्देश पायांनी पडताळून पाहतो. संदर्भाचे दुसरे टोक येथे जमिनीत रोवलेले आहे.

चौदाव्या शतकाच्या आरंभी परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली आणि अनुयायांनी ते स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध केले, ही परंपरेतील हकीकत प्रसिद्ध आहे. त्यातून निरनिराळे पाठ निर्माण झाले. विसाव्या शतकात ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या आवृत्त्या काढल्या (कोलत्यांची आवृत्ती १९७८ची), आणि त्यांत लीळांचे अनुक्रम व क्रमांक सारखे नाहीत. 'लीळाचरित्र, उत्तरार्ध, लीळा अमुक' एवढाच निर्देश करणारा लेख वाचकाला एका चौकात आणून सोडतो, आणि त्या चौकातून तीन रस्ते फुटतात. याउलट लीळेचे शीर्षक आणि तिच्यातील गावाचे नाव सांगितले, तर तिन्ही आवृत्त्यांत ती शोधता येते. सातशे वर्षांपूर्वीच्या संकलकांची रीत, म्हणजे प्रसंग व स्थळ सांगण्याची, आजच्या तळटीपेपेक्षा अधिक टिकाऊ ठरते.

पांचाळेश्वराहून अंबाजोगाईला आले की प्रश्नाचे दुसरे रूप दिसते. मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'चा काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८, असा सांगितला जातो आणि त्यावरून मुकुंदराजांना मराठीचे आद्यकवी म्हटले जाते. अंबाजोगाईत त्यांची समाधी आहे. शहराच्या अभिमानाचा तो मोठा आधार आहे. परंतु हा काळ ग्रंथातील कालनिर्देशाच्या ओवीवर उभा आहे, आणि त्या ओवीच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. ग्रंथात आलेली अंबानगरी म्हणजे अंबाजोगाई, की विदर्भातील वैनगंगेकाठचे आंभोरे, हाही वाद जुनाच आहे, आणि तोही ग्रंथातील निर्देशांच्याच आधारे चालतो. या वादात येथे बाजू घ्यावयाची नाही. मुद्दा एवढाच की, 'विवेकसिंधूत असे म्हटले आहे' हे वाक्य पुरेसे होत नाही. कोणत्या प्रतीत, कोणत्या प्रकरणात, हे सांगितल्याशिवाय तो पुरावा होत नाही. ती गावाची हौस होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर प्राचीनतेची विधाने व्यासपीठांवरून मुक्तपणे केली जात आहेत. त्यांचा भार शेवटी अशाच ओव्यांना, शिलालेखांना आणि त्यांच्या नेमक्या निर्देशांना वाहावा लागणार आहे.

अंबाजोगाईचेच दासोपंत (शके १४७३ ते १५३७) या प्रश्नाला आकाराचे परिमाण देतात. त्यांच्या 'गीतार्णवा'ची ओवीसंख्या सव्वा लाख सांगितली जाते. एवढ्या विस्तारात कोणतेही स्थळ पुन्हा शोधायचे तर वाचकाने काय धरावे? उत्तर ग्रंथाच्या स्वरूपातच आहे. गीतार्णव ही गीतेवरील टीका आहे, आणि टीका कितीही पसरली तरी ती श्लोकाच्या खुंटीला बांधलेली राहते. ओवी हजारांत हरवेल. श्लोक सातशेच आहेत. दासोपंतांनीच 'गीतार्थबोधचंद्रिका' ही गीतेवर आणखी एक टीका लिहिली. या दोन टीकांत एकाच विषयावर त्यांनी काय म्हटले याची तुलना करावयाची तर दोहोंचा समान पत्ता म्हणजे गीतेचा अध्याय व श्लोक, दुसरा नाही.

त्यांच्या 'पासोडी'ची गोष्ट निराळी. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय ओव्या आणि आकृत्यांच्या साहाय्याने मांडला. तेथे पत्र नाही, पान नाही. आकृतीचा आणि तिच्या शेजारच्या ओवीचा संबंध डोळ्यांना एकदम दिसतो. 'आकृती पाहा' असे सांगावे लागत नाही. तोच मजकूर पुस्तकाच्या पानांत बसवायचा म्हटले की आकृती एका पानावर, ओवी तिसऱ्यावर, आणि दोघांना जोडणारा निर्देश नव्याने लिहावा लागणार. माध्यम बदलले की जो संबंध मुळात जागेने व्यक्त होत होता तो शब्दांनी सांगावा लागतो. संपादकाचे पुष्कळसे काम अशा अव्यक्त संबंधांना शब्द देण्याचेच असते.

आता ज्या पोथीसाठी हा लेख लिहिला तिच्याकडे येऊ. ज्ञानेश्वरीचा आपल्यापर्यंत आलेला रूढ पाठ एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, केलेल्या शुद्धीवर आधारलेला आहे. अनेक प्रती मिळवून त्यांनी पाठ निश्चित केला आणि पुढे कोणी त्यात आपली भर घालू नये, असेही बजावले. साहजिकच त्यापूर्वीचा पाठ कसा होता, ही जिज्ञासा अभ्यासकांना लागून राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना बीड येथील पाटांगणात ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व काळातील आहे असे त्यांचे प्रतिपादन होते. ती संहिता त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्या आधारे 'ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण' हा ग्रंथही त्याच वर्षी काढला. बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. इंग्रजी मुलखातून मोगलाईत जाऊन, मठ आणि देवघरे धुंडाळून पोथ्या मिळवणे हे सोपे काम नव्हते. राजवाड्यांच्या त्या श्रमांबद्दल मराठवाड्याने कृतज्ञ असावे.

पण पुढे जे घडले ते विलक्षण आहे. पोथीच्या काळाविषयी वाद झाला, आणि वाद मिटवू शकेल अशी एकमेव वस्तू, म्हणजे ती पोथी, नाहीशी झाली. ती कशी गेली याच्या आख्यायिका पुष्कळ आहेत. त्यांत रमण्याचे कारण नाही. आज ती उपलब्ध नाही, एवढे निश्चित. राजवाड्यांची छापील संहिता राहिली आणि ती सन्मानाने राहिली. १९६० साली शासनाने प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरी याच संहितेवर आधारलेली होती. व्याकरणग्रंथातील रूपे आजही उद्धृत होतात. परंतु ज्या पत्रावर ते रूप होते ते पत्र कोणालाही पाहता येत नाही. अमुक अनुस्वार मूळचा की वाचनातला, अमुक अक्षर खोडून वर लिहिलेले की आरंभापासूनचे, हरताळ कोठे फासला होता, समासात कोणती दुरुस्ती होती, या प्रश्नांना उत्तर नाही. संदर्भाचे एक टोक आपल्या हातात आहे. दुसरे टोक जेथे बांधलेले होते, ती जागाच उरली नाही.

आमच्या मते बीडच्या पोथीचा खरा धडा हा आहे. संहिता वाचली, साक्षीदार गेला. राजवाड्यांनी मजकूर ओवीक्रमांकांसह छापला म्हणून त्या पाठाचा आज निर्देश करता येतो. पोथीच्या प्रत्येक पत्रावर कोणत्या ओव्या होत्या हे छापील ओवीबरोबर नोंदलेले असते आणि काही पत्रांच्या छायाप्रती जोडलेल्या असत्या, तर पोथी गेल्यावरही वादाला काही आधार उरला असता. म्हणूनच पुढील संपादकांनी मार्ग बदलला. अरविंद मंगरूळकर आणि विनायक मोरेश्वर केळकर यांची तीन खंडांतील 'ज्ञानदेवी' मुंबई विद्यापीठाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. जुन्या हस्तलिखितांचा पाठ कोणता आणि तो कोठून घेतला, हे वाचकाला उघड करून सांगण्याकडे अशा संपादनाचा कल आहे.

ओवीक्रमांकाचा प्रश्न मात्र यामुळे सुटला नाही; वाढला. वारकरी परंपरेत ज्ञानेश्वरीच्या ओव्या ९०३३ सांगितल्या जातात; राजवाडे संहितेत त्या कमी आहेत. ज्या अध्यायात एक ओवी कमी, तेथून पुढचा प्रत्येक क्रमांक एकाने मागे सरकतो. पसायदान अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आहे हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, पण त्याचा ओवीक्रमांक आवृत्तीगणिक बदलतो. एम.ए.च्या वर्गात ज्ञानेश्वरी शिकवताना हा अनुभव नित्याचा आहे. विद्यार्थी समीक्षाग्रंथातून क्रमांक उतरवून घेतो, ग्रंथालयात वेगळी आवृत्ती असते, आणि क्रमांकाखाली भलतीच ओवी निघते. मग तो मूळ पाहण्याचा नाद सोडतो आणि समीक्षकाच्या शब्दावर विसंबतो. चुकीच्या किंवा अपुऱ्या निर्देशाची खरी किंमत ही आहे. वाचक मुळाकडे जाणेच थांबवतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच विधाने एका प्रबंधातून दुसऱ्या प्रबंधात उतरत राहतात.

तुकारामांच्या गाथेचीही हीच अवस्था. शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली गाथा १८६९ ते १८७३ या काळात निघाली. पु. मं. लाड यांच्या प्रस्तावनेसह १९५० मध्ये निघालेल्या सरकारी गाथेत ४६०७ अभंग आहेत. सांप्रदायिक गाथांचा क्रम वेगळा. 'तुकाराम, अ. क्र. अमुक' हा निर्देश गाथेचे नाव दिल्याशिवाय निरर्थक आहे, तरीही तो सर्रास छापला जातो.

छापखान्याने पानाला स्थिर क्रमांक दिला खरा, पण नव्या अडचणीही निर्माण केल्या. खिळ्यांच्या छपाईत पुस्तक फर्म्या-फर्म्याने छापले जाई. एक फर्मा छापून झाला की त्याचे खिळे सोडून पुढच्या फर्म्याला वापरायचे. पहिल्या फर्म्यात 'पुढे पाहा' लिहिताना ती गोष्ट कोणत्या पानावर येणार हे कोणालाच ठाऊक नसे, आणि कळेपर्यंत पहिला फर्मा छापून वाळलेला असे. जुन्या मराठी ग्रंथांत मागचे निर्देश पानांसह आणि पुढचे निर्देश 'याचा विचार पुढे यथास्थळी येईल' अशा थाटाचे का असतात, याचे एक कारण लेखकाच्या शैलीपेक्षा छापखान्याच्या खिळ्यांच्या पेटीत शोधावे. विश्वकोशासारख्या कामात तर हे अनागतावेक्षण खंडांच्या पल्ल्यावर जाते. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि पुढील खंडांचे काम काही दशके चालले. पहिल्या खंडातील नोंद जेव्हा बाण दाखवून वर्णानुक्रमात पुढे असलेल्या नोंदीकडे पाठवते, तेव्हा ती न लिहिलेल्या लेखाच्या नावाने दिलेली हुंडी असते. ती वटवायची तर नोंदींची शीर्षके आधीच ठरवून, वर्षानुवर्षे न बदलता सांभाळावी लागतात.

आवृत्ती बदलली की पानेही बदलतात. वि. ल. भावे यांच्या 'महाराष्ट्र सारस्वता'च्या निरनिराळ्या आवृत्त्या निघाल्या आणि पुढे तुळपुळ्यांची पुरवणी जोडली गेली. 'महाराष्ट्र सारस्वत, पृ. अमुक' असा आवृत्ती न सांगता केलेला निर्देश म्हणजे घर पाडून पुन्हा बांधलेल्या गल्लीत जुन्या घरक्रमांकाने माणूस शोधणे होय.

यावर उपाय कोणी शोधलाच नाही असे नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. सी. सुखटणकरांनी १९२५ पासून त्याला जी शिस्त लावली तीत एक गोष्ट परस्परसंदर्भाच्या दृष्टीने अमोल आहे. जे श्लोक प्रक्षिप्त ठरले ते टाकून दिले नाहीत. त्यांना तारांकित क्रमांक देऊन संहितेच्या खाली ठेवले. मोठे भाग परिशिष्टात गेले. मुख्य पंक्तीतून उठवलेल्यालाही पत्ता राहिला. एखाद्या जुन्या लेखकाने उद्धृत केलेला श्लोक आज प्रक्षिप्त ठरला असला तरी तो सापडतो. पाठ नाकारणे आणि पाठ पुसून टाकणे यांत जे अंतर आहे, ते या योजनेत स्पष्ट दिसते.

या सगळ्या इतिहासातून हस्तलिखित हाताळणाऱ्या संपादकाने काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, संदर्भ क्रमांकाचा नसतो, मजकुराचा असतो. क्रमांक हा त्याचा तात्पुरता पत्ता. म्हणून एकाच पत्त्यावर विसंबू नये. ज्ञानेश्वरीचा निर्देश करताना आवृत्ती, अध्याय, ओवी यांच्या जोडीला गीतेचा श्लोक द्यावा. ओव्या सरकल्या तरी श्लोक सरकत नाही. अपवाद तेराव्या अध्यायाचा. तेथे काही प्रतींत आरंभी एक श्लोक अधिक असल्यामुळे पुढील क्रमांक एकाने वाढतात. तेव्हा तेथे सावध राहावे. अभंगाच्या बाबतीत गाथेचे नाव आणि आरंभीचे शब्द, लीळेच्या बाबतीत शीर्षक आणि स्थळ द्यावे. प्रतीकाची जुनी रीत आजही कालबाह्य झालेली नाही.

दुसरी गोष्ट ग्रंथांतर्गत निर्देशांची. हस्तलिखित हाती आल्यावर प्रत्येक 'वर', 'मागे', 'पुढे', 'उपरोक्त' आणि 'तत्रैव' यांची स्वतंत्र यादी करावी आणि प्रत्येकासमोर त्याचे दुसरे टोक लिहावे. प्रकरणांची अदलाबदल झाली की 'पुढे' सांगितलेले मागे जाते आणि यादी नसेल तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. 'तत्रैव' सर्वांत धोक्याचा, कारण मध्ये एक नवी टीप घुसली की तो निमूटपणे दुसऱ्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. पानांचे क्रमांक पाने पक्की होईपर्यंत घालू नयेत. त्या जागी ठळक दिसेल अशी रिकामी खूण ठेवावी. रिकामी खूण शोधता येते. चुकीचा आकडा बरोबर आकड्यासारखाच दिसतो.

तिसरी गोष्ट संगणकाची. मजकूर युनिकोडमध्ये आल्यापासून शब्द शोधणे क्षणाचे काम झाले आहे, आणि त्यामुळे संदर्भ तपासणे सोपे झाले असे वाटते. ते अर्धेच खरे आहे. जुन्या संहितेत 'ऐसें' आहे आणि आपण 'ऐसे' शोधतो. यंत्र 'नाही' म्हणते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे लेखननियम रूढ झाल्यावर आपण अनुच्चारित अनुस्वार सोडले, पण जुन्या ग्रंथांनी ते सोडलेले नाहीत. शब्द सापडला नाही म्हणजे तो तेथे नाही, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी निदान दोन लेखनरूपांनी शोधावे, आणि शेवटी छापील पान डोळ्यांनी पाहावे.

शेवटची गोष्ट लेखकाशी असलेल्या संबंधाची. निर्देश चुकला आहे असे दिसल्यास संपादकाने आपल्या मनाने योग्य वाटणारे स्थळ घालू नये. लेखकाला काय म्हणायचे होते हे तोच जाणतो, आणि तो हयात नसेल तर मूळ निर्देश तसाच ठेवून चौकटी कंसात आपले मत द्यावे. पोथीतील लेखनिकही सुटलेले अक्षर हंसपादाची खूण करून समासात लिहीत असे. मूळ ओळ आणि दुरुस्ती दोन्ही वाचकाला दिसत.

बीड जिल्ह्यातील जुन्या घरांत आणि मठांत अजूनही फडक्यांत बांधलेल्या पोथ्या आहेत. त्यांची छायाचित्रे काढण्याचे प्रयत्न होतात, ही समाधानाची बाब आहे. परंतु नुसते छायाचित्र म्हणजे जतन नव्हे. कोणत्या पोथीचे कोणते पत्र, त्यावर कोणत्या अध्यायाच्या कोठून कोठवरच्या ओव्या, आणि छापील आवृत्तीत त्या कोठे आहेत, हे लिहिल्याशिवाय ते चित्र मुके राहते. पाटांगणच्या पोथीबाबत ही नोंद उरली नाही. उरलेल्या पोथ्यांबाबत ती करता येईल. त्यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही. एक वही, एक छापील प्रत आणि प्रत्येक आकडा दोनदा पाहण्याची सवय, एवढे पुरे.